एका खोलीतल्या दोन चुली

घाटकोपरच्या डोंगरावर आमची खोली होती. खाली रस्त्याला रिक्षा सोडली की पायऱ्या सुरू व्हायच्या. काही सिमेंटच्या, काही नुसते दगड ठोकून बसवलेले, मध्येच कुणाच्या मोरीचं पाणी ओलांडायचं. वर येईपर्यंत पाहुण्यांचं बोलणं बंद पडायचं, म्हणून आमच्याकडे पाहुणे फार येत नसत. नळ डोंगराच्या पायथ्याशी होता. आईचा डावा गुडघा त्या नळानं खाल्ला. आधी ती दोन हंडे आणायची, मग एक, मग मी कळशी घेऊन तिच्या मागे चालायला लागले.

बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस पिंजतात आणि दिवसभर हवेत त्याची बारीक धूळ उडते. गिरणी बंद पडली तेव्हा मी लहान होते. मला आठवतात ते वॉचमन झालेले बाबा, मुलुंडच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवरचे. युनिफॉर्मची पँट त्यांना कमरेत सैल होती, म्हणून आईनं तिला आतून चुण्या घातल्या होत्या. गिरणी गेली तरी धूळ छातीत राहिली. डोंगर चढताना ते दर वळणावर थांबायचे, आणि थांबलोय हे कळू नये म्हणून कुणाच्या तरी दारात डोकावून विचारायचे, "काय, जेवलात काय?" सगळ्या डोंगराला वाटायचं, माणूस फार प्रेमळ आहे.

आमच्या घरात पत्त्यांना बंदी होती. गणपतीत आम्ही गावी जायचो, तेव्हा आरती झाल्यावर अख्खी वाडी पडवीत पत्ते खेळत बसायची. म्हाताऱ्या बायकासुद्धा. आमच्या पडवीत मात्र कोणी पत्ते काढत नसे. कारण होते माझे काका, बाबांचे थोरले भाऊ. तेही गिरणीतच. गिरणीचे शेवटचे पैसे हातात आले आणि त्यांनी ते तीन पत्तीत घालवले. मग ते कुठे गेले, कुणालाच कळलं नाही. काकू गावी होती. नवरा मेल्याची खबर नाही, म्हणून ती कुंकू लावत राहिली. अजूनही लावते. बाबा इतर कशावर फार बोलत नसत, पण यावर एकच वाक्य बोलायचे, मालवणीत: "पत्त्यांनी माझ्या भावाक खाल्ल्यांनी." म्हणजे पत्त्यांनी माझ्या भावाला खाल्लं.

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढे मी पत्ते खेळूनच पोट भरलं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. संख्याशास्त्र घेतलं, कारण त्या विषयाला गर्दी कमी होती आणि प्रवेश मिळत होता. पुढे तो विषय मला आवडला. एखादी गोष्ट घडेल की नाही हे सांगता येत नसलं, तरी घडण्याची शक्यता किती हे कागदावर मांडता येतं, ही कल्पनाच मला झकास वाटली. आमच्याकडे तोवर सगळं एकतर देवाच्या हातात होतं नाहीतर मालकाच्या. पदवी मिळाली तेव्हा बाबांनी ती फ्रेम करून आणली आणि देवाच्या फोटोशेजारी खिळा ठोकला. आई म्हणाली, "अहो, देवापेक्षा मोठी दिसता ती." बाबा म्हणाले, "दिसांदे." दिसू दे.

नोकरी अंधेरीला लागली, एका कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये. आकड्यांशी संबंध फक्त लोकांच्या कार्ड नंबरांपुरता. शेजारच्या खुर्चीवर घाटकोपरचाच एक गुजराती मुलगा बसायचा. त्याला सगळे शेठ म्हणायचे, कारण चहाचे पैसे तो कधीच देत नसे. तो मोबाईलवर पोकर खेळायचा. एकदा कँटीनमध्ये मी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "हा हात सोडायला पाहिजे होतास. तुझा पत्ता येण्याची शक्यता पाचात एकसुद्धा नव्हती."

त्यानं मोबाईल खाली ठेवला. "तुला येतं हे?"

"खेळ नाही येत. गणित येतं."

"अरे यार, खेळ मी शिकवतो. गणित इथे कुणालाच येत नाही."

त्यानं शिकवलं. खेळ तसा सोपा. दोन पत्ते तुमच्या हातात, पाच टेबलावर सगळ्यांच्या समोर, एकेक टप्प्यानं उघडत जाणार. प्रत्येक टप्प्याला चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी ठेवायच्या चकत्या, लावायच्या किंवा हात, म्हणजे तो डाव, सोडून द्यायचा. टुर्नामेंटमध्ये सगळे सारखी फी भरतात, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, त्या संपल्या की तुम्ही उठायचं. सक्तीची बोली ठरावीक वेळानं वाढत जाते, त्यामुळे नुसतं गप्प बसूनही भागत नाही. बक्षीस फक्त शेवटच्या काही जणांना. बाकीच्यांनी दिवसभर बसून उठायचं आणि घरी जायचं.

मला ते जमलं. का जमलं याचा मी पुष्कळ विचार केलाय. गणित होतंच. पण त्याहून जास्त कामाला आला आमचा नळ. पोकरमध्ये बराच वेळ काहीच करायचं नसतं. पत्ते बघायचे, सोडायचे, परत बघायचे, सोडायचे. श्रीमंत घरातल्या पोरांना ते सहन होत नाही, त्यांना वाटतं आलोय तर काहीतरी करू. मी पहाटे नळाच्या रांगेत मोठी झालेली. कोण नुसती हंडा आपटून दाखवणार आहे आणि कोण खरंच रांग मोडून घुसणार आहे, हे मला बायकांच्या खांद्यांवरून कळायचं.

वर्षभर मी नोकरी सांभाळून मोबाईलवर खेळले. मग पगारापेक्षा खेळाचे पैसे सलग काही महिने जास्त आले, तेव्हा नोकरी सोडली. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन मी सांगून टाकलं. लपवणं माझ्या स्वभावात नाही, आणि दहा बाय बाराच्या खोलीत लपवणार तरी काय.

बाबा जेवत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. ताटात भात उरला होता, तो त्यांनी बोटानं एका बाजूला केला.

"ह्यो भात खयच्या पैशाचो?" हा भात कुठल्या पैशाचा, असं ते आईला विचारत होते.

तांदूळ मी आणले होते.

त्यांनी हात धुतला. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना एका बर्नरचा छोटा स्टोव्ह घेऊन आले आणि मोरीच्या बाजूला ठेवला. आईला म्हणाले, "माझा ह्यावर कर." लोक घरात चूल वेगळी झाली असं म्हणतात, तेव्हा निदान दोन घरं तरी होतात. आमच्याकडे एकाच खोलीत दोन चुली झाल्या. ओट्यावरच्या गॅसवर माझा भात, मोरीपाशी बाबांचा. त्यांचे तांदूळ वेगळ्या डब्यात, डाळ वेगळी, मीठसुद्धा वेगळं. त्यांचं सामान त्यांच्या पगारातून आणि आईच्या पैशातून यायचं. आई चार घरी पोळ्या लाटायला जायची.

एकदा आई न राहवून म्हणाली, "माझ्या पोळ्यांचो भात तुमका चालता. चेडवाच्या डोक्याचो चालना नाय?"

चेडू म्हणजे मुलगी. बाबा म्हणाले, "तिच्या डोक्याबद्दल मी काय बोललंय? डोक्या चांगला आसा. पैसो पत्त्यांचो आसा."

आई दोन्ही पातेल्यांतला भात आपल्या ताटात घ्यायची. अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. अशी ती कित्येक वर्षं जेवली.

मोठ्या टुर्नामेंट गोव्याला व्हायच्या. मी बसनं जायचे. सकाळी जाग यायची तेव्हा बस आमच्याच मुलखातून चाललेली असायची. आमच्या गावाचा फाटा यायचा, तिथे एक टपरी, एक पिंपळ, आणि आत जाणारा लाल रस्ता. त्या रस्त्यानं आत काकू कुंकू लावून बसलेली. मी कधी उतरले नाही. उतरून तिला काय सांगणार होते, की मी पत्ते खेळायला चाललेय?

टेबलावर बहुतेक वेळा नऊ पुरुष आणि एक मी. पहिली दोन-तीन वर्षं टोमणे ठरलेले. "मॅडम, इथे रमी नाय चालत." "दीदी, हसबंडने भेजा क्या?" एक पुण्याचे गृहस्थ दर हाताला मला समजावून सांगायचे, "असं नसतं करायचं, बाळ." त्यांच्या सगळ्या चिप्स माझ्याकडे आल्यावर ते उठताना म्हणाले, "नशीब हं तुझं." मी म्हटलं, "हो काका." वाद घालून चिप्स मिळत नाहीत. आणि मला कमी समजणाऱ्या माणसांवर माझं घर चाललं, हे मी आजही कबूल करते.

पण हे सगळं छान चाललं होतं असं कुणी समजू नये. टुर्नामेंटचा खेळाडू बहुतेक वेळा हरतो. चांगला खेळाडूसुद्धा. महिनोन् महिने काही हाताला लागत नाही. बरोबर खेळून हरायचं, आणि त्याच टेबलावर चुकीचं खेळलेला माणूस जिंकून नाचताना बघायचं. बक्षीस सुरू होतं त्याच्या एकच जागा आधी बाहेर पडणं याला आमच्याकडे बबल म्हणतात. दिवसभर बसून बबलवर फुटलं की बसमध्ये झोपही येत नाही. घरी आले की आई चेहऱ्याकडे बघायची आणि काही न विचारता चहा टाकायची. बाबा दाराकडे पाठ करून बसायचे.

शेठनं माझ्याआधी नोकरी सोडली होती. खेळ त्यानंच शिकवला, पण हात सोडणं त्याला स्वतःला कधी जमलं नाही. "अरे, एवढं लावलंय, आता कसं सोडू?" हे त्याचं वाक्य. जे लावलं ते गेलं, आता पुढचं बघ, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. आधी त्याची स्कूटर गेली, मग बायको माहेरी गेली. एकदा त्यानं माझ्याकडे फीसाठी पैसे मागितले. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "तुला मी शिकवलं ना रे." मुंबईत बाईलाही रे म्हणतात, तसं. मी म्हणाले, "शिकवलंस म्हणूनच नाही देत." तो आता घाटकोपर स्टेशनजवळ मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. मी समोरून गेले की मान मोबाईलमध्ये घालतो. मला त्याचा राग नाही. त्याच्याकडे बघून मला काका दिसतात, एवढंच.

मग बाबांचं झालं.

पावसाळा संपत आला होता. ड्यूटीवरून येताना ते अर्ध्या डोंगरावर खाली बसले ते उठेचनात. ओठ निळे. कुणीतरी धावत येऊन सांगितलं. आमच्या डोंगरावर स्ट्रेचर चढत नाही. आजारी माणसाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं, ओढणीनं किंवा दोरीनं छातीशी बांधायचं, आणि चार जणांनी चार पाय धरून उतरायचं, ही आमची पद्धत. अशी कितीतरी माणसं मी लहानपणापासून खाली जाताना बघितली होती. काही परत आली, बरीचशी नाही. त्या दिवशी खुर्चीत माझे बाबा होते. गल्लीतले चौघे होते, ज्यांच्या दारात थांबून ते जेवलात काय विचारायचे तेच. खुर्ची तिरकी व्हायची तेव्हा बाबांचे पाय हवेत लटकायचे. एक चप्पल पडली. लोक दारात उभे होते. बाबा डोळे मिटून होते, पण शुद्धीत होते.

पालिकेच्या हॉस्पिटलमधून आठवड्यानं सोडलं. डॉक्टरीणबाई माझ्याशी बाजूला बोलल्या. छाती आता सुधारायची नाही. जपलं तर काही वर्षं. पण चढण बंद. "कुठे राहता?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जागा बदला." जणू साडी बदला.

बाबा परत वर गेले. एक वळण, एक तास, असं करत स्वतःच्या पायांनी चढले, आम्हा दोघींचं ऐकलं नाही. वर पोचल्यावर खाटेवर पडून भिंतीकडे बघत म्हणाले, "मेलेल्या माणसाक चौघे उचलतत. मी अजून जितो आसंय." मी अजून जिवंत आहे, असं ते म्हणत होते. नोकरी सुटली. त्यानंतर ते डोंगर उतरलेच नाहीत. परत खुर्चीत बसावं लागेल ही एकच भीती. दम लागला तरी सांगायचे नाहीत, कारण सांगितलं की खुर्ची येणार.

मी म्हटलं, "आपण खाली भाड्यानं बघू. उद्या बघते."

"तुझ्या पैशानं?"

"मग कुणाच्या?"

"माका नको."

तेव्हा मी ठरवलं की यांना लिफ्टचं घर घ्यायचं. माझ्या नावावर, विकत. भाड्याचं घर आज आहे उद्या नाही, आणि पत्ते खेळणाऱ्या बाईला घरमालक दारात उभं करत नाहीत हे मी बघून बसले होते. ते येणार नाहीत हे माहीत होतं. पण आधी घर तरी हवं.

बँकेत गेले. साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. "व्यवसाय?"

"पोकर खेळते. टॅक्स भरते, सगळे कागद आणलेत."

"गृहिणी लिहू का?"

"लग्न नाही झालेलं."

"मग कठीण आहे, मॅडम."

म्हणजे कर्ज नाही. होते तेवढे साठवलेले आणि एक मोठं बक्षीस, एवढाच मार्ग. त्या हिवाळ्यात मी गोव्याला तीनदा गेले. पहिल्यांदा पहिल्याच दिवशी बाहेर. दुसऱ्यांदा बबल. तिसऱ्यांदा निघताना आई म्हणाली, "देवाक सांगून जा." मी म्हटलं, "काय सांगू? पत्ते चांगले दे?" ती म्हणाली, "नको. बसूक बळ दे म्हण." बसायला बळ. मी तसं म्हणाले.

त्या स्पर्धेचा शेवटचा दिवस मला टेबलाच्या हिरव्या कापडासकट आठवतो. दुपार होती, पण आत खिडकी नाही, एसी कडक. नऊ जणांपासून आम्ही तिघांवर आलो. एक दिल्लीचे व्यापारी, हातात जाड कडं. एक बंगलोरचा इंजिनिअर पोरगा, कानात हेडफोन. आणि मी, सगळ्यात जास्त चिप्स माझ्यापुढे. पहिला नंबर काढला तर ट्रॉफी, फोटो, पुढची काही वर्षं टेबलावर मान. आणि पुढच्या दोन वाईट हातांत तिसऱ्या नंबरावर बाहेर पडले, तर घराचं परत काहीच नाही.

अशा वेळी खेळाडूंना तडजोड करता येते. उरलेलं बक्षीस चिप्सच्या प्रमाणात वाटून घ्यायचं, आणि ट्रॉफीसाठी थोडं बाजूला ठेवून पुढे खेळायचं. याला डील म्हणतात. तिघांपैकी एकानं नाही म्हटलं तरी डील होत नाही. सहसा मागे पडलेला माणूस ती मागतो. मी पुढे असून मागितली.

व्यापारी हसले. "मॅडम जी, आप तो आगे हो. डर गए क्या?"

"नहीं. हिसाब किया."

पोराला डील नको होती. त्याला जिंकायचं होतं. तो म्हणाला, "ट्रॉफी चाहिए मुझे." मी म्हटलं, "ट्रॉफी घे. वाटून झाल्यावर मी पुढचे हात सगळ्या चिप्स लावून खेळते, तुम्ही दोघं बघून घ्या." त्यानं हेडफोन काढले. मॅनेजर आले, आकडे मांडले, तिघांना एकेक करून विचारलं. पोरगा शेवटी हो म्हणाला. पुढच्या काही मिनिटांत मी बाहेर पडले. कागदावर माझा नंबर तिसरा आहे. नंतर मोबाईलवर खेळाडूंच्या ग्रुपमध्ये पुष्कळ लिहिलं गेलं, बाई घाबरली, पुढे असून कोण डील करतं. लिहू देत. मी ट्रॉफीसाठी गेलेच नव्हते. त्या टेबलावर माझ्यापुढे चिप्स नव्हत्याच. हवेत लटकलेले दोन पाय होते, त्यातला एक अनवाणी.

सरकारचा कर कापून जे आलं त्यात साठवलेले घातले. मुलुंडला जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. पोपडे आलेल्या भिंती, नळाला पाणी, आणि लिफ्ट. जाळीच्या दाराची, कुरकुरणारी, पण चालणारी.

चावी बाबांच्या खाटेवर ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"चांगला केलंस," म्हणाले. "आईक घेऊन जा. मी हय बरो आसंय." मी इथे बरा आहे.

मी रागावले. पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. "इथे तुम्ही मरणार. मग त्याच खुर्चीतून उतरवतील. तेव्हा कोणाच्या पैशाची खुर्ची ते विचाराल का?"

आई म्हणाली, "गप गो."

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला बोलावलं आणि वॉचमनच्या आवाजात विचारलं, गेटवर येणाऱ्याला विचारायचे तसं, "भाड्यान देतंस?"

मला कळेना. मग कळलं. गिरणीनंतरची सगळी वर्षं त्यांनी सोसायटीच्या गेटवर काढली होती. तिथे माणसं दोनच प्रकारची, मालक आणि भाडोत्री. भाडोत्र्याला कुणी विचारत नाही की मालकानं घर कुठल्या पैशानं घेतलं. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट असलं, पोलीस स्टेशनचा कागद असला, भाडं वेळेवर गेलं, की तो आपल्या मानानं राहतो. बाबांना त्यांच्या जगात सापडलेली ही एकमेव फट होती.

"बाजारभाव माका म्हायत आसा," ते म्हणाले. "तेवढा झेपाचा नाय. गिरणीचा पेन्शन येता तेवढा देतलंय. पण दर महिन्याक. आणि अॅग्रीमेंट व्हया." अॅग्रीमेंट हवंच.

एजंटाकडे गेले तर तो हसायलाच लागला. "ताई, बापलेकीचं अॅग्रीमेंट? काय मस्करी करता." मी म्हटलं, लिहा. त्यानं लिहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी समजूतदार माणूस. ते म्हणाले, "अहो, वडील आहेत तर फॅमिली म्हणून नोंदवा. भाडोत्री लिहिलं तर ज्यादा चार्ज लागतो." मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "लागांदे. नियम तो नियम."

जायच्या दिवशी गल्लीतले चौघे खुर्ची घेऊन आले. बाबांनी हात जोडले, "माझ्या पायानी उतरतलंय." सकाळी उन्हाच्या आधी निघाले. चार पायऱ्या, मग बसायचं. परत चार. ओळखीच्या दारांपाशी थांबायचे, आणि या वेळी माणसं आतून पाणी घेऊन येत होती. कुणी घाई केली नाही. आई मागून, हातात त्यांचा तो एका बर्नरचा स्टोव्ह. मी पुढे, उलटी, त्यांच्याकडे तोंड करून उतरत. खाली रिक्षाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता आणि ते हसत होते.

मुलुंडच्या घरातही स्टोव्ह लागला, त्यावरचे तांदूळ आता आईच्या पोळ्यांच्या पैशातून. आता दोन चुलींमध्ये भिंत होती, एवढाच फरक. दर महिन्याला पेन्शन आली की भाडं माझ्या हातात यायचं, बाबा पावती मागून घ्यायचे. मी ते पैसे सोसायटीच्या मेंटेनन्सला भरायचे. एकदा सांगितलं, "बाबा, तुमच्या भाड्यावर लिफ्ट चालते." त्यांना ते फार आवडलं. "म्हणजे लिफ्ट माझी आसा," म्हणाले. मग रोज संध्याकाळी लिफ्टनं खाली जायचे, गेटवरच्या वॉचमनशी गप्पा मारायचे, त्याला सूचना द्यायचे, आणि लिफ्टनं वर यायचे. लिफ्टमध्ये कुणी जाळीचं दार आपटलं की ओरडायचे.

माझा भात त्यांनी खाल्ला नाही. अॅग्रीमेंट एकदा रिन्यू झालं, तरी नाही. शेवटच्या महिन्यांत मशीनचा ऑक्सिजन होता, तेव्हा आई मऊ भात करायची, त्यांच्याच स्टोव्हवर, त्यांच्याच तांदळाचा. मी एकदा चमचा पुढे केला. त्यांनी आधी आईकडे बघितलं. तिनं मान हलवली, की हो, तुमचाच. मग तोंड उघडलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या भावाला पत्त्यांनी खाल्लं होतं, आणि मी काही काकांना परत आणून देऊ शकत नव्हते.

नंतर कायदा आला आणि मोबाईलवरचा पैशाचा खेळ बंद झाला. मी अजून गोव्याला जाते, आधीइतकी नाही. मधल्या दिवसांत कॉलेजच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. आता आई एकाच पातेल्यात भात करते. पहिले काही दिवस तिला अंदाज येत नव्हता, भात उरायचा. दुसरा स्टोव्ह तिनं माळ्यावर ठेवलाय, पुसून.

हॉस्पिटलला शेवटचं जाताना बाबा भिंतीला धरून दारापर्यंत चालले. लिफ्टचं जाळीचं दार त्यांनी स्वतः लावलं. खाली रिक्षात स्वतः बसले. तिसऱ्या दिवशी गेले.

मी पोकर खेळून पाचव्या मजल्यावर घर घेतलं. डोंगरावरच्या त्या दिवसानंतर माझ्या वडिलांना जिवंतपणी कुणी उचललं नाही.